पहिली भाकरी फाटणारच

हिंगोलीत नोकरीला आलो तेव्हा खोलीत एक तवा, एक परात आणि दुकानातून आणलेलं ज्वारीचं पीठ होतं. पंधरा दिवस मी भाकरी तुकड्यातुकड्यांनी खाल्ली. आपल्या हातालाच वळण नाही, अशी माझी खात्री झाली होती. एका संध्याकाळी घरमालकीण काकूंनी पीठ चिमटीत घेऊन चोळलं आणि म्हणाल्या, "पिठाला विरी नाही रे बाळा. हात काय करतील?" मला मिळालेली शिकवणी एवढीच. बाकी सगळं परातीने शिकवलं.

विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. गव्हाची कणीक मळली की ग्लुटेनचं जाळं तयार होतं, म्हणून पोळी ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ग्लुटेन नसतंच. तिथे सगळी भिस्त स्टार्चवर, आणि स्टार्च गार पाण्यात नुसता भिजतो. साधारण सत्तर अंशांपुढे गेला की तो फुगतो, चिकट होतो. पीठ जुनं झालं की धरून ठेवण्याची ताकद कमी होते. म्हणून नवशिक्याने ज्वारी थोडीच दळून आणावी, आठवडाभर पुरेल इतकी. मालदांडी जातीची मिळाली तर उत्तम.

एक वाटी पिठाला अर्धी ते पाऊण वाटी पाणी लागतं. वाटी कुठलीही घ्या, पण रोज तीच. कमलाबाई ओगल्यांनी 'रुचिरा' या पाककृतींच्या पुस्तकात १९७० साली वाटी-चमच्याची मापं दिली, ती याच सोयीसाठी. पाण्याला खळखळून उकळी आली की त्यातलं अर्धं पिठाच्या मधोमध ओता, उलथन्याने कालवा आणि दोन मिनिटं झाकून ठेवा. हे उकळतं पाणी म्हणजे आधण. मग हाताला सोसेल तसं, उरलेलं पाणी थोडं थोडं लावत तळहाताच्या टाचेने रगडा. इथे घाई केलीत तर पुढे प्रत्येक पायरीवर ती बाहेर येईल. गोळा दाबल्यावर कडेला भेगा पडल्या तर अजून रगडायचं आहे. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळा. मळून ठेवलेलं सुकतं.

परातीत कोरडं पीठ भुरभुरून गोळा थापा. बोटांनी कडा, तळव्याने मध्य. भाकरी परातीत आपोआप फिरू लागली की समजा जमतंय. सुरुवातीला बशीएवढीच करा. मोठी भाकरी उचलताना मोडते, आणि तिच्याबरोबर आपणही.

आता तवा. तो आधीच चांगला तापलेला हवा. पिठाची बाजू वर येईल अशी भाकरी टाका आणि लगेच त्या बाजूला पाण्याचा हात फिरवा. कोरडं पीठ तसंच राहिलं तर करपतं, भाकरी पांढरी-कोरडी दिसते. पाणी सुकत आलं, पण पूर्ण सुकलं नाही, अशा वेळी उलटायची. उशीर झाला तर वरचा थर तडकतो. मला हा क्षण ओळखायला महिना लागला: वरची चकाकी जाते, ओल राहते. दुसरी बाजू सावकाश, डाग पडेपर्यंत भाजा. मग भाकरी उलटून थेट आचेवर धरा. चुलीवर तव्याशेजारी आहारापाशी, म्हणजे निखाऱ्यांजवळ, उभी करतात. गॅसवर चिमटा पुरतो. आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि ती पापुद्रा उचलते. कड फाटलेली असेल तर वाफ तिथून निसटते, भाकरी फुगत नाही. चवीत मात्र काही उणं होत नाही, हे फार कमी लोक सांगतात.

कोरड्यास, म्हणजे तोंडी लावायला, बेसन करा; मराठवाड्यात पिठल्याला बेसनच म्हणतात. फोडणीत हळद शेवटी घाला. हळदीचा रंग तेलात उतरतो, पण ती चटकन जळते आणि कडू होते. वसमतची हळद तर इथे हिंगोलीत हाताशीच आहे. तिला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती वापरताना चिमूट लहान ठेवा.

मोडलेल्या भाकऱ्या टाकू नका. मी त्या रात्री झाकून ठेवायचो, सकाळी चुरून कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचो, वर शेंगदाण्याचं कूट. आता भाकऱ्या अख्ख्या निघतात, तरी आठवड्यातून एकदा दोन भाकऱ्या मुद्दाम जास्त थापतो.