जुन्या टीव्हीचा आगाऊपणा



नवा टीव्ही घरात आला की जुना बेडरूममध्ये जातो आणि तिथलीही जागा गेली की माळ्यावर. लॅपटॉपच्या १४ इंची पडद्यावर एक्सेलचे तक्ते आणि ऑनलाइन मीटिंग एकदम कोंबताना जीव मेटाकुटीला आला, की मग तो आठवतो. एचडीएमआय केबल लावायची, रिमोटवरून इनपुट बदलायचा, कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि 'पी' एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडायचं. झालं! ('डुप्लिकेट' निवडणाऱ्याला तेच चित्र दोनदा दिसतं, जागा तसूभरही वाढत नाही.)

खरी कटकट यानंतर सुरू होते. टास्कबार अर्धा गायब, कडेचे आयकॉन कापलेले. बहुतेक जण केबलला शिव्या देतात, पण तिचा काही गुन्हा नसतो. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत चित्राच्या कडा नीट येतीलच याचा भरवसा नसे, म्हणून चित्र थोडं ताणून त्या कडा चौकटीआड ढकलल्या जात. हा 'ओव्हरस्कॅन'. ट्यूब गेली, खोड राहिली. रिमोटच्या मेनूत चित्राच्या आकाराचा पर्याय शोधावा. एलजी त्याला 'जस्ट स्कॅन' म्हणतं, सॅमसंग 'स्क्रीन फिट', तर सोनी 'फुल पिक्सेल'.

एवढं करूनही काळ्यावरची लाल अक्षरं फुटकी दिसतात, कारण टीव्ही आलेल्या प्रत्येक चित्राला सिनेमा समजतो. आपल्या डोळ्यांना उजेडातला फरक बारकाईनं कळतो, रंगातला तितकासा नाही. म्हणून व्हिडिओत चार-चार ठिपक्यांना मिळून एकच रंगमाहिती देण्याची काटकसर चालते. नायिकेच्या साडीत ती कुणाला कळत नाही, पण अक्षराच्या बारीक रेघेत लगेच उघडी पडते. त्यावर टीव्ही आपणहून कडा गडद करतो, हालचाल गुळगुळीत करतो, आणि या उठाठेवीत माउसचा बाण हाताच्या मागून येतो. अनेक टीव्हींत त्या इनपुटचं नाव बदलून 'पीसी' ठेवलं की बराचसा आगाऊपणा थांबतो. तशी सोय नसेल तर 'गेम मोड' लावावा आणि शार्पनेस उतरवावा.

गंमत अशी, की टीव्हीला हे काम नवं नाही. १९८२ साली ब्रिटनमध्ये आलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटलाच जोडत. वेगळा मॉनिटर ही चैन होती.

मेनूतून न सुटणारी अडचण ठिपक्यांची आहे. ३२ इंची 'एचडी रेडी' टीव्हीत साधारणपणे १३६६ × ७६८ ठिपके असतात. स्वस्तातल्या १५ इंची लॅपटॉपवरही तेवढेच सापडतात. म्हणजे टीव्हीवर इंचाला जेमतेम ४९, तर २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर ९२. ४३ इंची फोर-के टीव्ही मात्र १०२ वर जातो आणि मॉनिटरलाही मागं टाकतो. फक्त जोडणी जुन्या एचडीएमआय १.४ ची असेल, तर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं आणि बाण अडखळतो. सेकंदाला ६० वेळा बदलणारं हवं तर लॅपटॉप आणि टीव्ही दोन्हीकडे एचडीएमआय २.० लागतं.

तेव्हा माळ्यावरचा टीव्ही ३२ इंची 'एचडी रेडी' असेल, तर त्यावर मीटिंगमधले चेहरे ठेवावेत आणि एक्सेल लॅपटॉपवरच राहू द्यावं.