'नागिन'ची बीन आणि व्हॉल्व्हचा सूर

'नागिन'मधली बीन ही बीन नव्हेच. फिल्मिस्तानच्या १९५४ सालच्या त्या चित्रपटात पडद्यावर पुंगी दिसते, वैजयंतीमाला डोलते. पण ध्वनिमुद्रणात ती धून वाजवली कल्याणजी वीरजी शाह यांनी, क्लॅव्हिओलीन नावाच्या विजेच्या वाद्यावर. जोडीला रवी यांची हार्मोनियम. संगीतकार हेमंतकुमार. कल्याणजी आणि रवी हे दोघेही पुढे स्वतंत्र संगीतकार म्हणून गाजले. धून इतकी अस्सल वाटली, की चित्रपटगृहांत साप येतात अशी अफवा पसरली. सापाला बाहेरचा कान नसतो, तो डोलतो ते समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून. पण अफवेला एवढा तपशील कुठे लागतो!

भोपळ्याच्या पुंगीचा आवाज विजेच्या पेटीतून निघाला कसा, हे समजून घेण्यासारखं आहे.

क्लॅव्हिओलीन तयार केलं कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसाने, १९४७ च्या सुमारास. तीन सप्तकांच्या पट्ट्या, आवाजाचा पोत बदलणारी बटणं, आणि वेगळ्या खोक्यात अँप्लिफायर व स्पीकर. आवाज लहान-मोठा करायचा तो गुडघ्याने दांडी सरकवून, म्हणजे हात पट्ट्यांवर मोकळे. आत व्हॉल्व्ह. जुन्या रेडिओत मागच्या बाजूला लालसर पेटलेल्या काचेच्या नळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे नवं नाही. नळीतली तार तापते, इलेक्ट्रॉन सुटतात आणि मधली जाळी त्यांचा ओघ कमी-जास्त करते. अशा व्हॉल्व्हमधून बाहेर पडलेला विद्युतप्रवाह थोडासा पुन्हा त्याच्याच आत सोडला, की तो स्वतःच थरथरू लागतो. गणपतीच्या मंडपात माइक कर्ण्यासमोर आला की जी 'कुईं' उठते, तिच्यामागचं तत्त्वही हेच. पट्टी दाबली की विद्युतमंडल बदलतं आणि थरथरीचा वेग, म्हणजेच स्वर, ठरतो. त्या स्वराला हलका कंप देण्याची सोयही होतीच.

या थरथरीचा आकार जवळजवळ चौकोनी असतो. चौकोनी तरंगात मूळ स्वराबरोबर तिसरा, पाचवा, सातवा असे विषम उपस्वर तेवढे असतात. आता पुंगी पाहा. तिच्या नळ्या सरळ, सगळीकडे सारख्या जाडीच्या. जिभली असलेलं टोक ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने बंद. अशा नळीतही विषम उपस्वरांचाच जोर असतो. सनईची नळी निमुळती, म्हणून तिच्यात सगळे उपस्वर येतात आणि तिचा रंग वेगळा. क्लॅव्हिओलीन पुंगीसारखं वाजलं ते निव्वळ योगायोगाने नव्हे. शिवाय पुंगीवाला भोपळ्यातल्या हवेच्या जोरावर सूर तुटू देत नाही, आणि यंत्राला तर श्वास घ्यायचाच नसतो.

एका वेळी एकच स्वर निघणं ही पाश्चात्त्यांच्या लेखी या वाद्याची मोठी उणीव. चार स्वर एकत्र वाजल्याशिवाय त्यांच्या चर्चमधलं बरंचसं संगीत उभं राहत नाही. ती अडचण हॅमंड कंपनीने आधीच, १९३९ च्या नोव्हाकॉर्डमध्ये, सोडवली होती. त्यासाठी १६३ व्हॉल्व्ह लागले. आपल्या रागदारीला एका स्वराची वाट पुरते. मात्र मींड क्लॅव्हिओलीनला जमत नाही, पट्ट्या ठरलेल्या. नेमक्या याच दोषासाठी आकाशवाणीने १९४० ते १९७१ हार्मोनियमवर बंदी घातली होती. चित्रपटसृष्टीला असली सोवळी परवडणारी नव्हती, आणि तेच बरं झालं.

ही यंत्रं कागदावरून शिकण्याची सोय त्या काळात होती. अ‍ॅलन डग्लस यांचं विद्युतवाद्यांवरचं पुस्तक १९४९ चं. रिचर्ड डॉर्फ यांचं १९५४ चं, म्हणजे 'नागिन'च्याच वर्षीचं. सोल्डरिंगची हौस असलेल्या वाचकाला हाताशी धरून मंडलांपर्यंत नेणारं हे लेखन आहे. मला हे लेखक आवडतात ते याच कारणासाठी, गूढ काही ठेवत नाहीत. डॉर्फ यांनी तर पुढे घरी जोडायच्या ऑर्गनचे सुटे भागच विकायला काढले. या विषयात शिरलं की एक गैरसमजही गळून पडतो: १९३५ चा सुप्रसिद्ध हॅमंड ऑर्गन व्हॉल्व्हमधून सूर काढत नाही. त्यात मोटारीवर फिरणारी ९१ धातूची चाकं असतात. व्हॉल्व्ह तो सूर मोठा करण्यापुरते. लॉरेन्स हॅमंड मुळात विजेची घड्याळं करणारा, तेव्हा मोटारीची नेमकी गती हा त्याचा हातखंडा.

व्हॉल्व्हचा खरा शत्रू उष्णता. यंत्र तापेपर्यंत सूर सरकत राहतो. अखंड, अढळ षड्ज धरणं त्याला पेलणारं नव्हतं. ते काम ट्रान्झिस्टरच्या पिढीने केलं: बंगळुरूचे बासरीवादक-अभियंते जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये रॅडेल कंपनी काढली आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा दक्षिणेत घरोघर गेला. तिथल्या भजनांचंच बघा: कुंभकोणमजवळचं तिरुविसनल्लूर हे श्रीधर अय्यावाळ या संतांचं गाव. त्यांच्या दक्षिणी भजनपरंपरेत मराठी अभंगही गातात. तिथल्यासारख्या भजनांना आधी लागते ती श्रुती, म्हणजे हाच अखंड षड्ज, मग बाकी सगळं.

पण यंत्रात पकडायला पुंगी सोपी होती, तानपुरा नाही. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याने जवारी जुळते, आणि मग एकाच झंकारात उपस्वर एकामागून एक उमलत जातात; ही चाल कुठल्याही स्थिर तरंगात नसते. म्हणूनच सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यांना जाणकार नाकं मुरडत, आणि पुढे खऱ्या तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रणच चिपमध्ये भरावं लागलं.