वर्गाला लागूनच मैदान

एखाद्या गावाचं नाव स्पेलिंगवरून वाचायला गेलं तर कशी फजिती होते, ते मी १९९३ साली अनुभवलं. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात वर्षभराच्या अभ्यासक्रमासाठी मला शिष्यवृत्ती मिळाली होती. पत्र कार्यालयात आलं, तेव्हा साहेबांपासून शिपायापर्यंत प्रत्येकानं ते नाव आपापल्या परीनं वाचलं. कुणी 'लाऊघबोरोघ' म्हणालं, कुणी 'लोगबोरो'. खरा उच्चार 'लफबरो'. पुढे तिथे गेल्यावर कळलं, की खुद्द इंग्रज माणसंही या स्पेलिंगची थट्टा करतात आणि परदेशी पाहुण्यानं गावाला 'लूगाबरूगा' म्हटल्याचा जुना विनोद चवीनं सांगतात.

मी पाणीपुरवठ्याचा इंजिनियर. सोलापूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या भागात विहिरी, बोअर आणि नळयोजना यांच्या मागे नोकरी गेली. मी लफबरोला निघालोय म्हटल्यावर खेळाची आवड असलेले एक सहकारी म्हणाले, "अहो, तिथे तर सेबॅस्टियन को शिकला! तुम्ही शिकायला चाललाय की पळायला?" सगळे हसले. मीही हसलो, पण ते वाक्य मला लागलं. त्याला कारण होतं.

माझी थोरली मुलगी त्या वर्षी दहावीत होती. शाळेकडून ती जिल्ह्याच्या स्पर्धेत आठशे मीटर धावायची. जून महिन्यात मी तिचं धावणं बंद केलं. "एकच वर्ष. दहावी झाली की पुन्हा सुरू कर," असं म्हणालो. तिनं वाद घातला नाही. बूट धुतले, वाळवले आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिले. त्यानंतर दोनच महिन्यांनी मी जिथे राहायला गेलो, तिथे पहाटेपासून रात्रीपर्यंत कुणी ना कुणी धावतच होतं.

लफबरो हे लेस्टरशायर परगण्यातलं एक मध्यम गाव. आपल्याकडच्या तालुक्याच्या ठिकाणासारखं, बाजारपेठेचं. पण त्याच्या नावावर बऱ्याच गोष्टी जमा आहेत. १८४१ साली थॉमस कुकनं आगगाडीतून आपली पहिली सहल काढली, ती लेस्टर ते लफबरो अशी. जाऊन-येऊन भाडं एक शिलिंग. पर्यटन कंपन्यांचा सगळा पसारा त्या अकरा मैलांतून निघाला. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधली 'ग्रेट पॉल' ही प्रचंड घंटा १८८१ साली ओतली गेली ती इथल्या टेलरांच्या कारखान्यात. आणि इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलांच्या हाती असायची ती लेडीबर्डची छोटी चित्रमय पुस्तकंही इथल्याच छापखान्यातून निघालेली. थोडक्यात, हे हातानं वस्तू घडवणाऱ्यांचं गाव. विद्यापीठ समजून घ्यायचं तर हे आधी लक्षात घ्यावं लागतं.

ऑक्सफर्ड-केंब्रिजसारखी शेकडो वर्षांची परंपरा लफबरोला नाही. १९०९ साली गावात एक छोटी तंत्रशिक्षण संस्था निघाली. १९१५ साली हर्बर्ट स्कोफिल्ड हे तिचे प्राचार्य झाले आणि १९५० पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षं, त्यांनी ती चालवली. पहिलं महायुद्ध चालू होतं. दारूगोळ्याच्या कारखान्यांना माणसं हवी होती. स्कोफिल्ड यांनी संस्थेतच खराखुरा कारखाना उभा केला. विद्यार्थ्यांनी बनवलेला भाग नुसता तपासून बाजूला ठेवायचा नाही. तो वापरात जायचा. भाग चुकला तर गुण कमी होऊन भागत नसे, माल वाया जात असे. 'उत्पादनातून प्रशिक्षण' ही लफबरोची पद्धत झाली. युद्ध संपलं, तरी ती राहिली.

याच माणसानं १९३०च्या दशकात संस्थेत शारीरिक शिक्षणाचं दालन उघडलं. म्हणजे लेथ मशीन आणि धावण्याचा ट्रॅक या दोन गोष्टी तिथे एकाच छताखाली वाढल्या. पुढे १९६६ साली संस्थेला राजसनद मिळून ती 'लफबरो तंत्रज्ञान विद्यापीठ' झाली. शारीरिक शिक्षणासाठी नावाजलेलं शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालय मधल्या काळात वेगळं झालं होतं, ते १९७७ साली विद्यापीठात विलीन झालं. १९९६ साली नावातला 'तंत्रज्ञान' हा शब्द गळला आणि १९९८ साली कला महाविद्यालयही आत आलं. मी गेलो तेव्हा जुनंच नाव होतं. माझ्या पदवीपत्रावर तेच आहे.

आता तिथल्या शिकवण्याविषयी. माझा विभाग होता पाणी, अभियांत्रिकी आणि विकास केंद्राचा. जॉन पिकफर्ड या प्राध्यापकांनी १९७१ साली तो सुरू केला. गरीब देशांतल्या पाणी आणि स्वच्छतेचे प्रश्न हा त्याचा विषय. वर्गात केनिया, घाना, नेपाळ, बांगलादेश अशा देशांतले नोकरदार इंजिनियर. मला वाटलं होतं, मोठमोठ्या धरणांची गणितं शिकवतील. पहिल्याच आठवड्यात आमच्यापुढे काय आलं? हातपंप!

आणि तोही आपला. 'इंडिया मार्क टू' हा जगभर गेलेला हातपंप १९७०च्या दशकात भारतात तयार झाला. त्याच्या आधीच्या पिढ्यांची नावं फळ्यावर लिहिली होती : जालना पंप आणि सोलापूर पंप. आपल्याकडच्या मिशनरी संस्थांच्या कार्यशाळांत, सतत मोडणाऱ्या ओतीव लोखंडी पंपांना पर्याय म्हणून तयार झालेले ते पंप. ज्या सोलापुरात मी पंधरा वर्षं नोकरी केली, तिथल्या पंपाचा इतिहास मला सुमारे साडेसात हजार किलोमीटरवर कळत होता. अभिमान वाटला आणि थोडी लाजही.

पण खरा धडा पुढेच होता. आम्हाला पंप उघडायला लावला, पुन्हा जोडायला लावला. मग प्रश्न विचारला : गावातल्या बाईला, दोन पान्यांनिशी, हे जमेल का? मार्क टूचा खालचा दट्ट्या दुरुस्त करायचा तर सगळे पाइप वर ओढावे लागतात. त्यासाठी गाडी आणि माणसं लागतात. म्हणून पुढच्या मार्क थ्रीमध्ये पाइप रुंद केला, म्हणजे तो जागेवर ठेवून आतला दट्ट्या वर काढता येतो. पंप किती पाणी देतो इतकंच पाहायचं नाही. तो बिघडल्यावर किती दिवस बंद राहतो, तेही पाहायचं. आमच्या कार्यालयात 'पंप बसवले' हा रकाना होता. 'पंप चालू आहेत' हा नव्हता. परत आल्यावर मी माझ्या वहीत तो रकाना आखला.

वस्तू वापरात उतरवून तपासायची, ही स्कोफिल्ड यांची जुनी खोड मला सगळीकडे दिसली. बरेच विद्यार्थी दुसऱ्या वर्षानंतर एक पूर्ण वर्ष कंपनीत काम करतात आणि मग शेवटच्या वर्षाला परततात. दोन वर्षं शिक्षण, मध्ये नोकरी, पुन्हा शिक्षण. म्हणून त्याला 'सँडविच' अभ्यासक्रम म्हणतात. शेवटच्या वर्षाला बसणारा मुलगा मास्तरांना वेगळे प्रश्न विचारतो, हे कुठलाही मास्तर सांगेल.

खेळातही हीच रीत. विद्यापीठातल्या संशोधकांनी चेंडूला लाथ मारणारा यांत्रिक पाय तयार केला. माणूस दोनदा अगदी तशीच लाथ मारू शकत नाही. यंत्र मारतं, म्हणून चेंडूंची तुलना करता येते. २००६ आणि २०१० च्या विश्वचषकातल्या फुटबॉलच्या चाचण्यांत लफबरोचा हात होता. त्यातला २०१० चा 'जाबुलानी' चेंडू हवेत अनपेक्षित वळतो, म्हणून गोलरक्षकांनी त्याच्यावर भरपूर टीका केली. प्रयोगशाळेत पास झालेली वस्तूही मैदानात नापास होऊ शकते; लफबरोच्या स्वतःच्या शिकवणुकीला धरूनच आहे ते!

आता खेळाडूंकडे येऊ. सेबॅस्टियन को यानं १९७९ साली ४१ दिवसांत तीन विश्वविक्रम केले, १९८० आणि १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचं सुवर्णपदक मिळवलं. लफबरोत त्याचा विषय होता अर्थशास्त्र आणि सामाजिक इतिहास. २०१७ साली तो या विद्यापीठाचा कुलपती झाला. व्हीलचेअरवरून शर्यती जिंकून पॅरालिंपिकमध्ये अकरा सुवर्णपदकं मिळवणारी टॅनी ग्रे-थॉम्पसन इथे राज्यशास्त्र शिकली. इंग्लंडच्या रग्बी संघाला २००३ चा विश्वचषक जिंकून देणारे प्रशिक्षक क्लाइव्ह वुडवर्ड इथलेच. आणि मी होतो त्या वर्षी पॉला रॅडक्लिफ ही मुलगी तिथे युरोपीय भाषा शिकत होती. ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. २००३ साली लंडनमध्ये तिनं २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. तो विश्वविक्रम सोळा वर्षं टिकला. पहाटे माझ्या खिडकीखालून धावणाऱ्यांत ती असेल-नसेल, मला ठाऊक नाही. तेव्हा मला त्या सगळ्या सारख्याच दिसायच्या, आणि प्रत्येकीच्या जागी एक दहावीतली मुलगी दिसायची.

आमच्या वसतिगृहात केमिकल इंजिनियरिंगची एक पोहणारी विद्यार्थिनी होती. सकाळी ओल्या केसांनी नाश्त्याला यायची आणि वही उघडून पाइपातल्या घर्षणाची गणितं सोडवायची. तो माझ्या रोजच्या कामाचा विषय. एकदा मी मदत केली. मग विचारलं, "हे सगळं जमतं कसं?" ती म्हणाली, "पाचला उठायचं म्हणजे दहाला झोपावं लागतं. मग दिवसा अभ्यास केल्याशिवाय गत्यंतरच नसतं. पोहणं सोडलं, तर माझा अभ्यास कमीच होईल."

आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. हेतू चांगला आहे; पण त्यातून खेळानं अभ्यासाचं नुकसान होतं आणि ते भरून द्यायचं असतं, असा अर्थ निघतो. त्या मुलीच्या पदवीच्या गुणपत्रिकेत पोहण्याला एकही गुण नव्हता. विद्यापीठानं तिला तरणतलाव दिला होता, प्रशिक्षक दिला होता आणि वर्गाला लागूनच हे सगळं ठेवलं होतं. बाकीचं तिचं तिनं करायचं.

लफबरोचं नाव नंतर वाढतच गेलं. २००३ साली इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाची राष्ट्रीय अकादमी तिथे उभी राहिली. २०१५ साली लंडनच्या ऑलिंपिक पार्कमध्ये विद्यापीठाची शाखा निघाली. क्रीडाविषयक अभ्यासासाठी क्यूएस या संस्थेच्या जागतिक क्रमवारीत २०१७ पासून ते वर्षानुवर्षं पहिलं राहिलं. आंतरविद्यापीठ स्पर्धांचं सर्वसाधारण विजेतेपद तर त्यांनी चारेक दशकं सलग राखलं.

मात्र मुलांना तिकडे पाठवायचा विचार करणाऱ्या पालकांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. तिथे सराव करणारा प्रत्येक खेळाडू विद्यार्थी नसतो. जलतरणपटू ॲडम पीटीनं २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकची तयारी तिथल्या तलावात केली. पण ती राष्ट्रीय केंद्राची सोय. आणि खेळाच्या कीर्तीमुळे तिथली इंजिनियरिंग, डिझाइन यांसारखी खाती झाकली जातात. नावावर जाऊ नका, विषय पाहा. परदेशी विद्यार्थ्यांची फी आपल्या खिशाला जड असते, हेही आहेच.

१९९४ साली मी परतलो, तेव्हा मुलगी अकरावीत गेली होती. "आता सुरू कर," म्हणालो. ती म्हणाली, "आता नको, बाबा. बूट लहान झालेत." नवे बूट घेऊ म्हणण्याचं मला तेव्हा सुचलं नाही. ती पुढे बँकेत अधिकारी झाली, सगळं नीट झालं. तक्रार तिनं कधीच केली नाही.

आज तिची मुलगी नववीत आहे आणि पोहते. परवा माझी लेक मला म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी हिची दहावी. पोहणं वर्षभर बंद ठेवूया का? तुम्ही काय म्हणता?"

मी म्हणालो, "अगं, हा प्रश्न मी एकदा सोडवला होता. उत्तर चुकलं होतं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आठशे मीटरला मला दोन मिनिटं बत्तीस सेकंद लागायचे." बत्तीस वर्षं झाली, तिला सेकंदसुद्धा आठवत होते.

नातीचं पोहणं चालू आहे. पहाटे साडेपाचला तिला तलावावर सोडायचं काम मी मागून घेतलंय. ती पाण्यात असते तोवर काठावर बसून मी तिची शास्त्राची वही चाळतो. परतताना रिक्षात एकेक प्रश्न विचारतो. बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)