संशोधकाची ओळख आणि इंटरनेटवरील नोंद

ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव काही ग्रंथांत स्टीव्हन्स, तर पोर्तुगीज लेखनात इश्तेव्हाँव असे आढळते. पंडिता रमाबाईंचा १८८७ साली फिलाडेल्फिया येथे निघालेला इंग्रजी ग्रंथ 'रमाबाई सरस्वती' या नावाने प्रसिद्ध झाला. व्यक्ती एक, नावे अनेक. ग्रंथपालांनी ही नावे परिश्रमपूर्वक जुळविली, म्हणून त्यांचे लेखन आज एकत्र सापडते. आजच्या संशोधकास मात्र हे काम स्वतःच करावे लागते.

बिदर व कलबुर्गी या सीमाभागात ही अडचण दुहेरी आहे. एकाच अभ्यासकाचे नाव मराठीत एक, कन्नड दाखल्यावर आद्याक्षरांसह दुसरे आणि इंग्रजीत तिसरे असते. स्थळनामांचेही तसेच. १९५६ साली हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन बिदर म्हैसूर राज्यात गेले. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे त्याचे तालुके मुंबई राज्यात आले. पुढे २०१४ साली गुलबर्ग्याचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले. येथील मंडळ्यांच्या इतिहासावर लिहिणाऱ्याने शोधशब्दांत केवळ नवे नाव दिले, तर जुने नाव शोधणाऱ्यास त्याचा लेख सापडणे कठीण होते.

यावर उपाय कोणता? प्रथमतः, इंग्रजी नावाचे एकच रूप निश्चित करून ते सर्वत्र वापरावे. द्वितीयतः, ऑर्किड क्रमांक घ्यावा. २०१२ साली सुरू झालेला हा सोळा स्थानांचा क्रमांक संशोधकास विनामूल्य मिळतो व संस्था बदलली तरी बदलत नाही. त्यात नावाची अन्य रूपेही नोंदविता येतात आणि कोणती माहिती सर्वांस दिसावी हे आपण ठरवू शकतो. तृतीयतः, गूगल स्कॉलरवर आपली यादी करावी. परंतु समान नावाच्या दुसऱ्या लेखकाचे लेख तीत आपोआप शिरतात, ते वेळोवेळी काढून टाकावेत. चतुर्थतः, पीएच.डी.चा प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' भांडारात आहे किंवा नाही, हे विद्यापीठाकडून जाणून घ्यावे. मराठी लेखाच्या शीर्षकाचा व सारांशाचा इंग्रजी अनुवाद जोडावा; मूळ मराठी शीर्षक मात्र गाळू नये.

येथे एक आक्षेप संभवतो. धर्मसेवकाने स्वतःचे नाव असे मिरवावे काय? आमच्या मते, नोंद ठेवणे आणि मिरविणे यांत भेद आहे. किती जणांनी आपला उल्लेख केला याची संख्या मोजत बसणे, न केलेल्या कामाचे श्रेय घेणे, पैसे देऊन कोणत्याही नियतकालिकात लेख छापून आणणे, हे मिरविणे होय. परंतु भालकी वा आळंद तालुक्यातील वृद्धांच्या आठवणी टिपून सिद्ध केलेला प्रबंध कपाटातच राहिला, तर हानी केवळ लेखकाची होत नाही. पुढचा अभ्यासक तेच काम पुन्हा आरंभितो. तोवर त्या आठवणी सांगणारे हयात नसतात.

मात्र एक मर्यादा पाळावी. ज्यांनी विश्वासाने आपले दुःख सांगितले, त्यांची नावे व गावे त्यांच्या संमतीवाचून उघड करू नयेत. नोंद संशोधकाच्या कार्याची असावी, इतरांच्या खाजगी जीवनाची नव्हे.

ज्या धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी असे लेखन केले आहे, त्यांनी प्रथम एका कागदावर आपल्या सर्व लेखांची यादी वर्षानुसार करावी. ती यादी सिद्ध असली, की पुढील काम एका दुपारचे आहे.