मुधोळचा शिकारी कुत्रा शहरात

बंगळूरच्या इंदिरानगरात, १०० फुटी रस्त्यालगतच्या एखाद्या सदनिकेत मुधोळ कुत्रा पाळण्याचा विचार ज्याच्या मनात येईल, त्याने प्रथम त्या प्राण्याची शरीररचना न्याहाळावी. खोल छाती, आत ओढलेले पोट, लवचिक कणा, लांब सडपातळ पाय. ही सारी धावण्याचीच सामग्री होय. भरधाव धावताना दर ढांगेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीपासून सुटतात. दख्खनच्या माळावर सशामागे सोडला जाणारा ‘कारवानी’ कुत्रा तो हाच. मुधोळच्या घोरपडे राजांनी त्याची जोपासना केली, म्हणून त्यास त्या गावाचे नाव मिळाले. २००५ साली तो टपालाच्या तिकिटावरही झळकला.

हा वासापेक्षा दृष्टीने शिकार करतो. मांजर असो वा दुचाकी, हलती वस्तू दिसली की तो मागे लागतो; मग धन्याची हाक त्याच्या कानी शिरत नाही. म्हणून रस्त्यावर त्याची साखळी कधीही सोडू नये. कुंपण घातलेले मैदान रोज मिळणार नसेल, तर दुसरा कुत्रा निवडावा. मनसोक्त धावल्यावर मात्र हा तासन्‌तास निजतो. अंगी चरबी थोडी, म्हणून थंड फरशीवर जाड अंथरूण हवे. बरगड्या दिसतात म्हणून शेजारी त्यास उपाशी ठेवल्याचा आळ घेतील; परंतु निरोगी मुधोळ कुत्रा असाच दिसतो.