पंचांची नजर (लेखांक ६) : बोंडाखालचा माणूस

उज्जैनला मल्लखांबाची स्पर्धा बघायला बसलात तर एक गोष्ट हमखास दिसेल. मुलगा खांबासमोर येतो, पंचांना सलामी देतो, उडी घेऊन खांबाला भिडतो आणि बघता बघता वर पोचतो. खांबाच्या टोकावरच्या बोंडावर त्याने तोल धरला की सगळ्या माना वर होतात आणि टाळ्या पडतात. टेबलामागे बसलेल्या पंचाचं निम्मं काम तोवर होऊन गेलेलं असतं. खांबाला पायांची अढी घातली तेव्हा पाय सुटला का? एका पकडीतून दुसरीत जाताना हात पुन्हा सावरून घ्यावा लागला का? गुडघा ताठ होता का, चवडा ताणलेला होता का? लोक शिखर बघतात, पंच वाट बघत असतो.

कालपरवा अमेरिकी फुटबॉलच्या पंचांविषयी वाचत होतो, तेव्हा हेच पुन्हा आठवलं. आपल्या फुटबॉलशी त्या खेळाचं नावापुरतं नातं. तिथल्या व्यावसायिक सामन्यात सात पंच असतात आणि त्यांतल्या एकालाच ‘अंपायर’ म्हणतात. चेंडू कुठे गेला हे बघणं मुख्यतः इतरांकडे. अंपायरची नजर मधल्या फळीतल्या धिप्पाड गड्यांच्या हातांवर असते: कोणी समोरच्याला धरून ठेवलं का, कोणी जर्सी ओढली का. पूर्वी तो बचाव करणाऱ्या फळीच्या अगदी मागे, धावपळीच्या तोंडावर उभा राहायचा. टकरा होऊन पंच जखमी होऊ लागले, तेव्हा २०१० मध्ये तिथल्या मुख्य लीगने बहुतेक वेळ त्याला आक्रमण करणाऱ्या संघाच्या पाठीमागे उभं करायला सुरुवात केली. जागा बदलली, काम तेच राहिलं. साठ-सत्तर हजार लोक चेंडू बघत असताना एका माणसाने हात बघायचे. मला हा खेळ फारसा आवडत नाही, पण त्या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो.

आता उज्जैनकडे परत येऊ, कारण मल्लखांबाच्या पंचगिरीची गोष्ट या गावाला वगळून सांगताच येत नाही. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी या विद्येला नवा जन्म दिला आणि मराठी माणूस गेला तिथे तालमीबरोबर खांबही गेला. शिंद्यांच्या माळव्यात तो चांगलाच रुजला. पण तालमीतला खांब आणि स्पर्धेतला खांब यांत फरक आहे. तालमीत वस्तादाची मान हलली की पुरे. स्पर्धेत गुण द्यावे लागतात आणि ते चारचौघांना पटावे लागतात. १९५८ पासून मल्लखांब राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेच्या पदराखाली होता. १९७६ नंतर तो आधारही सुटला. अशा वेळी उज्जैनच्या बमशंकर जोशींनी पुढाकार घेतला आणि जानेवारी १९८१ मध्ये स्वतंत्र अखिल भारतीय मल्लखांब स्पर्धा उज्जैनला भरवली. त्याच वेळी या खेळाचे स्पर्धानियम राष्ट्रीय पातळीवर पहिल्यांदा लागू झाले. नियम आले म्हणजे पंच आला. पुढे २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्यखेळ केलं, उज्जैनच्या योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धेतला मल्लखांबही याच गावात झाला. खेळाडू आणि गुरू यांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पंचांबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हा लेखांक.

चांगला मल्लखांब-पंच जवळून बघण्यासारखा असतो. पुरलेला खांब जमिनीवर सव्वादोन ते अडीच मीटर असतो, सागाचा किंवा शिसवीचा, एरंडेलाने तुकतुकीत झालेला. साधारण दीड मिनिटाचा कसरतींचा संच. त्या दीड मिनिटात पंचाला प्रत्येक उडी, पकड, आसन ओळखायचं, त्याची काठिण्यपातळी ठरवायची, चूक टिपायची आणि डोळे मात्र खांबावरून हलवायचे नाहीत. म्हणून त्याचा हात न बघता लिहितो. कागदावर फक्त खुणा असतात: एक तिरकी रेघ, एक टिंब, मध्येच फुली. शेजाऱ्याला त्यातलं काही कळणार नाही. नवखा पंच इथेच अडकतो. एक चूक लिहायला मान खाली घालतो आणि तेवढ्यात पुढच्या दोन पकडी निघून जातात.

हे नुसतं नियमपुस्तक पाठ करून जमत नाही. ज्याच्या मांडीला खांब घासला आहे, त्यालाच कळतं की अमुक ठिकाणी हात सरकला तो तेलामुळे, की पकडच कच्ची होती. म्हणून बहुतेक चांगले पंच जुने खेळाडू असतात, आणि नेमकी तिथेच खरी परीक्षा येते. मल्लखांबाचं जग लहान आहे. आज टेबलावर बसलेला माणूस काल प्रशिक्षक होता, उद्याही असेल. खांबावरचा मुलगा त्याच्या मित्राच्या व्यायामशाळेतला असतो, कधी स्वतःच्या गावचा. आपल्या मुलाला झुकतं माप देणं वाईटच. पण आपण निःपक्ष आहोत हे दाखवायला त्याचे गुण जास्त कापणं हाही तितकाच मोठा अन्याय आहे, आणि तो मी जास्त वेळा होताना पाहिला आहे. माझं मत स्पष्ट आहे: स्वतःच्या शिष्याचा संच असेल तेव्हा पंचाने खुर्ची सोडावी. नियम सांगो न सांगो.

दुसरी परीक्षा दुपारची. सकाळी पहिल्या आलेल्या मुलाला हात आखडून गुण देण्याची खोड जवळपास सगळ्यांना असते. पुढे कोणीतरी चांगला येईल म्हणून जागा राखून ठेवतात. तो चांगला येतो तो चाळिसावा, तेव्हा पंचाचे डोळे जड झालेले असतात. पहिल्याचा वाकलेला गुडघा आणि चाळिसाव्याचा वाकलेला गुडघा एकाच मापाने मोजणं, याहून अवघड काम या खेळात दुसरं नाही. दहापैकी दिलेल्या गुणांत पदक कित्येकदा दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या आकड्यावर ठरतं.

व्यायामशाळा चालवणाऱ्यांना एक विनंती. तुमच्याकडचा जो खेळाडू विशीच्या शेवटाला आला आहे आणि आता स्पर्धा सोडणार आहे, त्याला तसाच घरी जाऊ देऊ नका. पुढच्या जिल्हास्पर्धेत त्याला पंचांच्या मागे एक खुर्ची द्या, हातात कागद-पेन्सिल द्या, आणि पहिले दहा संच फक्त पाय बघायला सांगा.

(पुढील आठवड्यात : खो-खोचा पंच आणि पाटीवर बसलेल्या गड्याची पाठ)