सुडोकूत अडलात? प्रश्न बदलून पाहा

सुडोकूत आकडे असतात, पण आकडेमोड नसते. एक ते नऊऐवजी नऊ अक्षरे वापरली तरी कोडे तेच राहते. प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि तीन बाय तीनच्या चौकटीत प्रत्येक आकडा एकदाच यावा, एवढाच नियम. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या डेल कंपनीच्या मासिकात ते पहिल्यांदा आले, १९८४ मध्ये जपानच्या ‘निकोली’ने त्याला आपलेसे केले आणि २००४ च्या नोव्हेंबरात लंडनच्या ‘टाइम्स’ने ते छापल्यावर ते जगभर पसरले. तरीही ‘माझे गणित कच्चे आहे’ म्हणून अनेक जण त्याच्या वाटेला जात नाहीत. इथे कस लागतो तो कुठे पाहायचे आणि काय विचारायचे याचा, आणि ते शिकता येते.

नवखा माणूस एकेका घराकडे पाहत ‘इथे काय येईल?’ असे विचारतो. सोपी कोडी तेवढ्यावर सुटतातही. ली, गुडविन आणि जॉन्सन-लेअर्ड या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की कुणी न शिकवताही माणसे असे तर्क स्वतःहून लढवतात. अवघड कोड्यात मात्र आकडा थेट हाती लागत नाही. आधी शक्यता लिहून त्या खोडाव्या लागतात. समजा, एका ओळीत चार घरे रिकामी आहेत आणि २, ३, ७, ९ उरले आहेत. त्यांतल्या दोन घरांत फक्त ३ किंवा ७ च बसू शकतात. कुठे ३ आणि कुठे ७ हे अजून कळलेले नाही, पण ते दोन्ही या दोन घरांतच संपणार हे नक्की. म्हणजे उरलेल्या दोन घरांत २ आणि ९. त्यांतल्या एका घराच्या उभ्या ओळीत ९ आधीच असेल, तर तिथे २ आणि दुसरीकडे ९. जे ठाऊक नाही त्यातूनही पक्का निष्कर्ष निघतो, हे ज्याला उमगले तो खरा शिकला.

दिलेले आकडे कमी म्हणजे कोडे अवघड, हा समजही इथेच गळून पडतो. एकच उत्तर असलेल्या सुडोकूला किमान १७ आकडे द्यावे लागतात, हे डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकाने सारे पर्याय धुंडाळून दाखवले. पण १७ आकड्यांचे कोडेही सोपे असू शकते. काठिण्य ठरते ते कोणत्या जातीचा तर्क लागतो त्यावर.

यावर कुणी म्हणेल, आकडा गृहीत धरून पुढे जाणे आणि विसंगती आली की मागे फिरणे, हाही तर्कच. मान्य, गणितात अशी सिद्धता रीतसर चालते. संगणक तर बहुधा असेच सोडवतो. पण त्याला प्रत्येक फाटा बिनचूक आठवतो, माणसाला आठ-दहा पायऱ्यांनंतर मूळ गृहीतकच सापडत नाही. शिवाय विसंगती का आली हे न कळल्याने पुढच्या कोड्यासाठी हाती काही उरत नाही.

सुडोकूने स्मरणशक्ती वाढते, असा दावा मी करणार नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,८०० हून अधिक ज्येष्ठांवरच्या अमेरिकी प्रयोगात तर्काचा सराव करणाऱ्यांचा तर्क सुधारला, स्मरणशक्ती नाही. पण क्रमाने, कारण देत विचार करण्याचा आनंद स्वतःच पुरेसा मोलाचा आहे. म्हणूनच कोडे छापणाऱ्या संपादकांना विनंती, की दुसऱ्या दिवशी नुसते भरलेले उत्तर देऊ नका. त्यातली सर्वांत अडचणीची एक पायरी कारणासह द्या.